घरें आणि घरटीं

मनुष्याला अन्नवस्त्राच्या खालोखाल निवारा लागतो, हें सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची जरुरी नाहीं. ज्या शहरांत आपण राहतों, तेथें दोन-तीन खोल्यांच्या जागेसाठीं माणसें उभ्या आयुष्याची मिळकत गहाण टाकतात, आणि शहराच्या कडेला नवी वसाहत उठूं लागली म्हणजे तिच्याकडे मोठ्या आशेनें पाहतात. त्या आशेला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. ज्याला स्वतःचें छप्पर आहे, त्यानें बिनछपराच्या माणसाला निसर्गप्रेमाचा उपदेश करावा, हें तर मुळींच शोभत नाहीं.

पण ज्या जमिनीवर ही वसाहत उठते, तिला बहुधा दुसराहि एक दावेदार असतो. त्याच्यापाशीं खरेदीखत नसतें, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्याचें नांव नसतें, आणि मोजणीच्या दिवशीं तो हजर राहून हरकत घेऊं शकत नाहीं. तो एखादा पक्षी असेल, एखादें फुलपांखरूं असेल, एखादें चार बोटें उंचीचें रोपटें असेल. त्याची जात हजारो वर्षें त्याच भूमीवर नांदत आली आहे, आणि पुष्कळदां असें असतें कीं ती दुसरीकडे कोठेंहि नांदूं शकत नाहीं. या दोन दाव्यांचा निवाडा कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो नुसत्या तत्त्वचर्चेनें सुटणारा नसल्यामुळें, निरनिराळ्या देशांत तो सोडविण्याचे जे प्रत्यक्ष प्रयत्न झाले, त्यांपैकीं कांहीं आपण पाहूं.

प्रथम हा झगडा उत्पन्न कां होतो, तें समजून घेतलें पाहिजे. घर बांधणाऱ्याला सपाट, कोरडी, झाडेंझुडपें कमी असलेली, रस्त्याजवळची आणि स्वस्त जमीन हवी असते. अशी जमीन म्हणजे बहुधा माळ, डोंगराचा मोकळा उतार, नाहीं तर खाडीची कड. शेती होत नाहीं म्हणून आपल्या महसुली दप्तरांत अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात, आणि शब्द कानावर पडतांच ती जागा रिकामी आहे असा आपला समज होतो. वस्तुतः ती रिकामी नसते. गवताळ माळावर अंडीं घालणारे पक्षी घनदाट अरण्यांत राहूं शकत नाहींत. कोंकणांतील व सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यांत ओसाड दिसतात, पण पावसाळ्यांत त्याच कातळावरील बोटभर मातींत अशा वनस्पती फुलतात कीं त्या जगांत अन्यत्र आढळत नाहींत. ज्या जातींच्या गरजा अशा नेमक्या आणि अरुंद असतात, त्याच प्रथम दुर्मिळ होतात. आणि त्यांची नेमकी भूमि हीच घर बांधणाऱ्याला सोयीची असते.

दुसरी गोष्ट अशी कीं, घराच्या जोत्यानें व्यापलेली जागा आणि घरामुळें नष्ट झालेली जागा या दोन्ही एक नव्हेत. समजा, शंभर एकरांच्या माळावर दहा एकरांत घरें झालीं. हिशेबानें नव्वद एकर शिल्लक राहिले. परंतु घरांबरोबर रस्ता येतो, आणि तो माळाचे दोन तुकडे करतो. रस्त्याबरोबर दिवे येतात, कुंपणें येतात, विजेच्या तारा येतात, उकिरडा येतो. मांजर येतें आणि रात्रीं माळावर शिकारीला जातें. कुत्रें येतें आणि घरट्यावर बसलेल्या पांखराला दिवसांतून चार वेळां उठवितें. उरलेल्या तुकड्यांत प्राण्यांची संख्या लहान होते, आणि लहान संख्येला एखादें अवर्षण किंवा एखादा रोग पुरे होतो. मोठ्या सलग माळावर एका कोंपऱ्यांतील पांखरें मेलीं तर शेजारच्या कोंपऱ्यांतून दुसरीं येऊन ती जागा भरून काढतात. तुटलेल्या तुकड्यांत मात्र एकदां गेलेलें परत येत नाहीं. म्हणून या प्रश्नांत किती जमीन राखली यापेक्षां कोणती राखली आणि ती सलग आहे कीं नाहीं, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

यावर सर्वांत सोपा उपाय मनांत येतो तो बंदीचा. जेथें दुर्मिळ जात सांपडेल तेथें बांधकाम करूं नये, असा कायदा केला म्हणजे झालें! अमेरिकेनें १९७३ सालीं जवळजवळ असाच कायदा केला. संकटग्रस्त म्हणून नोंदविलेल्या प्राण्याला मारणें, पकडणें, त्रास देणें किंवा इजा करणें हा त्या कायद्यानें गुन्हा झाला, आणि प्राण्याचें निवासस्थान उद्ध्वस्त करून त्याला मृत्यु आणणें हेंहि इजेंतच धरलें जाऊं लागलें. १९९५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा अर्थ उचलून धरला. या कायद्यानें पुष्कळ जाती वांचल्या, यांत शंका नाहीं. पण बंदीची एक उलटी बाजूहि हळूहळू दिसूं लागली.

त्या देशाच्या आग्नेय भागांत पाइनच्या जुन्या अरण्यांत राहणारा एक लहानसा सुतारपक्षी आहे. बहुतेक सुतारपक्षी वाळलेल्या खोडांत ढोली कोरतात. हा मात्र जिवंत पाइनमध्यें कोरतो, आणि त्यासाठीं झाड इतकें जुनें व्हावें लागतें कीं त्याचा गाभा कुजून मऊ झाला पाहिजे. एकेक ढोली पुरी करावयास या पक्ष्यांच्या कुटुंबाला कित्येक वर्षें लागतात. आतां ज्याच्या जमिनींत अशीं जुनीं झाडें आहेत, त्या मालकाच्या जागीं स्वतःला ठेवून पाहा. पक्षी आला कीं जमीन अडकली. मग झाडें जुनीं होऊं देण्यापेक्षां पक्षी येण्याआधींच तीं तोडावीं, हा हिशेब त्याला सुचणारच. नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील बॉइलिंग स्प्रिंग लेक्स या छोट्या गांवीं २००६ सालीं नेमकें हेंच घडलें. सुतारपक्ष्यांच्या वस्तीमुळें बांधकामावर निर्बंध येणार अशी सूचना मिळतांच, रिकामे भूखंड असलेल्या लोकांनीं झाडें तोडण्याचे शेकडो परवाने काढले आणि कुऱ्हाड चालविली. ज्या कायद्यानें पक्षी वांचावयाचा, त्याच कायद्याच्या भीतीनें त्याचीं झाडें पडलीं.

याच्या उलट, त्याच राज्याच्या दुसऱ्या भागांत १९९५ सालीं सरकारनें जमीनमालकांशीं निराळा करार केला होता. तुमच्या जमिनींत आज पक्ष्यांचीं जितकीं कुटुंबें आहेत, तितकीं राखण्याची हमी द्या. तुम्हीं झाडें वाढविलीं आणि पक्षी वाढले, तर त्या वाढीव पक्ष्यांसाठीं तुमच्यावर नवा निर्बंध येणार नाहीं, असें त्यांत लिहून दिलें. भीति गेली तशी मालकांनीं जुनीं झाडें राखावयास सुरुवात केली. या आणि अशाच दुसऱ्या प्रयत्नांच्या बळावर २०२४ सालीं त्या सुतारपक्ष्याला अधिक गंभीर यादींतून काढून कमी गंभीर यादींत घालण्यांत आलें. माणसाला शत्रु करणारा कायदा आणि माणसाला भागीदार करणारा कायदा, यांतील अंतर या दोन हकीकतींवरून स्पष्ट व्हावें.

आतां जेथें घरें बांधावयाचींच आहेत, अशा ठिकाणची गोष्ट पाहूं. सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो नांवाचा सुमारें तेराशें फूट उंचीचा डोंगर आहे. भोंवतालीं सर्वत्र दाट वस्ती, आणि मध्यें हा एकटा गवताळ डोंगर. १९७० च्या सुमारास त्यावर मोठी वसाहत बांधण्याची योजना निघाली, आणि डोंगर मोकळा राहावा म्हणून नागरिकांनीं चळवळ उभारली. बराच काळ भांडण होऊन वसाहतीचा आकार कमी झाला, डोंगराचा मोठा भाग उद्यानाकडे गेला, आणि आतां तडजोड झाली असें वाटूं लागलें. इतक्यांत, १९८० सालीं, बांधकामाच्याच जागेवर एक निळें फुलपांखरूं उडत असल्याचें निदर्शनास आलें. तें १९७६ पासून संकटग्रस्त जातींच्या यादींत होतें.

या फुलपांखराला ‘मिशन ब्ल्यू’ म्हणतात. ज्या मिशन मोहल्ल्यावरून हें नांव पडलें, तेथें आज सॅन फ्रॅन्सिस्को शहराचे रस्ते आणि चाळी आहेत. म्हणजे घरांनीं विस्थापित केलेल्यांपैकींच तें एक. आकारानें तें नाण्याएवढें. नर निळा, मादी तपकिरी झांक असलेली. फुलपांखरूं म्हणून त्याचें आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचें असतें. तेवढ्यांत मादी ल्यूपिन नांवाच्या रोपाच्या पानांवर अंडीं घालते, आणि तींहि ल्यूपिनच्या अवघ्या तीन जातींवर. अळी त्या पानांवाचून दुसरें कांहीं खात नाहीं. थोडें खाऊन ती झाडाच्या मुळाशीं पडलेल्या पाचोळ्यांत शिरते, आणि हिवाळाभर तेथेंच निद्रिस्त पडून राहते. पुढच्या वसंतांत ती पुन्हां बाहेर येते, तेव्हां तिच्या अंगांतून पाझरणारा गोड रस चाखावयास मुंग्या जमतात, आणि त्या मोबदल्यांत परोपजीवी कीटकांपासून तिचें रक्षण करतात. श्रोतेहो, एका नाण्याएवढ्या जिवाला जगावयास नेमकें रोप, नेमका पाचोळा, नेमका ऋतु आणि शेजारीं मुंग्यांचें वारूळ, इतकें सर्व एका जागीं लागतें. हें फुलपांखरूं पकडून दुसऱ्या टेकडीवर नेऊन सोडा, असें म्हणणें सोपें आहे. तें घडवून आणणें मात्र फार अवघड आहे.

कायद्याप्रमाणें पाहिलें तर बांधकाम तेथेंच थांबावयास हवें होतें. तसें झालें असतें तर मालक वर्षानुवर्षें न्यायालयांत गेले असते, आणि डोंगरावर तणांचें राज्य झालें असतें. त्याऐवजीं मालक, बांधकाम करणारे, भोंवतालच्या नगरपालिका, जिल्ह्याचें सरकार, वन्यजीव खात्याचे अधिकारी आणि चळवळीचे नागरिक असे सगळे एका टेबलाभोंवतीं बसले. त्यांनीं पहिली गोष्ट केली ती गणतीची. जीवशास्त्रज्ञांनीं डोंगरावर हिंडून फुलपांखरें पकडलीं, त्यांच्या पंखांवर खुणा केल्या, तीं सोडलीं आणि पुन्हां पकडलीं. त्यावरून त्यांची संख्या किती, तीं कोठून कोठें उडतात, कोणत्या उतारावर त्यांची वस्ती दाट आहे, याचा नकाशा तयार केला. घरांचा नकाशा नंतर त्या नकाशावर बसविण्यांत आला. सुमारें साडेतीन हजार एकर क्षेत्रापैकीं शेंकडा ८० हून अधिक जमीन मोकळी राखावयाची, राहिलेल्या भागांत घरें बांधावयाचीं, आणि त्या भागांतील फुलपांखरांची हानि ही या व्यवहाराची किंमत म्हणून मान्य करावयाची, असें ठरलें. ही योजना १९८२ च्या अखेरीस पुरी झाली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें मूळ कायद्यांत दुरुस्ती करून, निवासस्थान राखण्याची पक्की योजना देणाऱ्याला अशी अपरिहार्य हानि करण्याचा परवाना मिळण्याची सोय केली. तशा प्रकारचा पहिला परवाना १९८३ सालीं सॅन ब्रुनोलाच मिळाला. त्याविरुद्ध दाद मागण्यांत आली, पण १९८५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें परवाना कायम केला. पुढें या नमुन्यावर त्या देशांत शेकडो योजना झाल्या.

या योजनेंतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मला वाटते ती अशी. डोंगर राखला म्हणजे तो राहतोच असें नाहीं. पूर्वीं त्यावर गुरें चरत, अधूनमधून वणवा लागे, आणि त्यामुळें झुडपें माजत नसत. ल्यूपिनला उघडें, थोडेंसें उकरलेलें रान मिळे. गुरें गेलीं, वणवे विझवूं लागले, आणि गवताच्या जागीं झुडपें चढूं लागलीं. त्यांत परदेशांतून आलेला काटेरी गोर्स, आपल्या बडिशेपेचीच रानटी झालेली जात आणि निलगिरी यांनीं भर घातली. म्हणजे कुंपण घालून स्वस्थ बसलें असतें, तर एकहि घर न बांधतां फुलपांखरूं नाहींसें होऊं शकलें असतें! ही झाडी काढीत राहावयास दरवर्षीं पैसा हवा. तो कोठून आणावयाचा? योजनेनें असें ठरविलें कीं, या डोंगरावर जो घर घेईल त्यानें प्रत्येक वर्षीं घरामागें वीस डॉलर द्यावे, आणि ही रक्कम महागाईप्रमाणें वाढावी. ज्याच्या खिडकींतून तो हिरवा डोंगर दिसतो, त्यानेंच त्याच्या राखणीचा वांटा उचलावा, हा त्यांतील न्याय.

या प्रयोगाचे दोषहि लपवितां कामा नयेत. घरामागें वीस डॉलर ही रक्कम अपुरी ठरली. डोंगर मोठा, तण चिवट, आणि माणसें थोडीं. झुडपांनीं बरीच गवताळ जमीन गिळली. पुढच्या टप्प्यांतील घरांसाठीं पट्टी वाढवावी लागली. शिवाय हा नमुना इतरत्र उचलतांना कांहीं ठिकाणीं तपशील सुटला आणि सांगाडाच उरला. दोन वर्षांची गणती टळली, अंदाजावर काम भागविलें, आणि परवाना मात्र मिळाला. १९९४ पासून मालकांना असेंहि आश्वासन मिळूं लागलें कीं, एकदां करार झाला म्हणजे पुढें नवें कांहीं मागणार नाहीं. मालकाला निश्चिति हवी, हें खरें. पण निसर्ग असा करार लिहून देत नाहीं. हवा बदलते, रोग येतो, आणि मग वाढीव खर्च कोणी करावा हा प्रश्न सरकारच्या दारीं येऊन पडतो.

तरीहि शेवटीं एक गोष्ट जमेला धरली पाहिजे. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील ‘ट्विन पीक्स’ नांवाच्या टेकड्यांवर हें फुलपांखरूं जवळजवळ नामशेष झालें होतें. २००९ सालीं तेथें पुन्हां वस्ती करविण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि त्यासाठीं माद्या आणल्या त्या सॅन ब्रुनोच्या डोंगरावरून. अपुरी कां होईना, पण ती राखण झाली म्हणूनच दुसरीकडे देण्याइतकें कांहीं उरलें होतें.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील आहे, आणि त्यांत शेजाराचा प्रश्न अधिक नाजूक रीतीनें हाताळला आहे. लंडनच्या नैर्ऋत्येस सरे, हँपशायर आणि बर्कशायर या परगण्यांत हीथ नांवाच्या खुरट्या झुडपांचीं राने आहेत. तेथें तीन पक्षी विशेष मोलाचे मानतात : रातवा, चंडोलाच्या जातीचा एक गाणारा पक्षी, आणि डार्टफर्ड वटवट्या. यांपैकीं पहिले दोन जमिनीवरच अंडीं घालतात, आणि तिसरा जमिनीलगतच्या झुडपांत घरटें बांधतो. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर त्या वटवट्याचीं साऱ्या देशांत अवघीं दहा-बारा जोडपीं उरलीं होतीं. २००५ सालीं या रानांना विशेष संरक्षण मिळालें, आणि लगेच भोंवतालच्या गांवांतील घरबांधणी अडली. लंडनांत कामाला जाणाऱ्या लोकांना घरें तर हवींच होतीं.

तेव्हां अधिकाऱ्यांनीं असा प्रश्न विचारला कीं, हीं घरें रानांत बांधावयाचीं नसून रानाजवळ बांधावयाचीं आहेत, मग नेमकें नुकसान कशानें होतें? उत्तर मिळालें : फिरावयास येणाऱ्या माणसांनीं, आणि त्याहून अधिक त्यांच्या मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांनीं. कुत्रें वास काढीत झुडपांत शिरलें कीं पक्षी घरट्यावरून उठतो. तेवढ्यांत अंडीं गार पडतात किंवा कावळा तीं उचलतो. घरें अगदीं लागून असलीं तर मांजरें येतात आणि आगीहि लागतात. या उत्तरावर नियम बेतले. रानापासून ४०० मीटरांच्या आंत नवें घर नको. कारण तेवढ्या अंतरांतल्या मांजराला कोणी अडवूं शकत नाहीं. त्यापुढें ५ किलोमीटरांपर्यंत घरें बांधावीं, पण प्रत्येक घरामागें पैसे द्यावे, आणि त्या पैशांतून दर हजार नव्या रहिवाशांमागें ८ हेक्टर अशी निराळी हिरवी जागा करावी. ही जागा लोकांना रानाइतकीच आवडली पाहिजे : गाडी उभी करावयास सोय, वळसा घालून परत येणारी सुमारें अडीच किलोमीटरांची पायवाट, आणि मुख्य म्हणजे कुत्र्याला मोकळें सोडण्याची मुभा. मनुष्याला ‘जाऊं नको’ असें बजावण्याऐवजीं ‘इकडे ये’ असें म्हणावयाचें, ही यांतील युक्ति. नुकसान कोणत्या वाटेनें होतें तें आधीं नीट शोधलें, म्हणजे मनाई थोडक्यांत भागते.

आतां आपण आपल्या घरीं येऊं. सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज परिसराचा माळ माळढोक पक्ष्यासाठीं प्रसिद्ध आहे. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत जड पक्षी. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडें घालते. अशा संथ वंशवृद्धीच्या जातीला एकेका पक्ष्याचा मृत्यु जड जातो. त्याच्या रक्षणासाठीं १९७९ सालीं सोलापूर आणि तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. हेतु उत्तम होता. परंतु त्याचें क्षेत्र काय ठरलें? सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यांत तालुकेच्या तालुके आले; गांवें आलीं, बागायती शेतें आलीं, बाजारपेठा आल्या. जेथें माळढोक कधीं पाऊल ठेवणार नाहीं, अशा जागीं देखील जमिनीचा व्यवहार करावयाचा कीं परवानगीचा प्रश्न उभा राहूं लागला. आणि जेथें माळढोक खरोखर राहत होता, तो माळ मात्र तुकड्यातुकड्यांनीं नांगराखालीं, झाडें लावण्याखालीं आणि विजेच्या तारांखालीं जात राहिला. हा पक्षी जड असल्यानें उडतांना चटकन वळूं शकत नाहीं, आणि समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाहीं. पुढें हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१२ च्या सुमारास अभयारण्याची हद्द कमी होऊन सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर झाली. तोंवर तीन दशकें लोटलीं होतीं. एका पिढीनें त्या पक्ष्याचें नांव अडचणीच्या संदर्भांत ऐकलें होतें, आणि नान्नजला माळढोक दिसणें ही बातमी होऊन बसली होती. आज साऱ्या भारतांत मिळून हे पक्षी दीडशेंच्या आसपासच असावेत, असें अभ्यासकांचें अनुमान आहे.

सॅन ब्रुनोच्या शेजारीं हें उदाहरण ठेवलें म्हणजे धडा आपोआप वाचतां येतो. तेथें आधीं फुलपांखरें मोजलीं आणि मग रेघ आंखली. येथें आधीं रेघ आंखली. तेथें राखणीचा खर्च कोण देणार तें लिहून ठेवलें. येथें बंदीचा भार सर्वांवर पडला. तेथें शेजाऱ्यांना टेबलाशीं बोलाविलें. येथें शेजाऱ्यांना मुख्यतः निर्बंधांतूनच पक्ष्याची ओळख झाली. माळ राखावयाचा तर माळकऱ्याला आपलासा करावा लागतो, हें आपण फार उशिरां शिकलों.

तथापि आपल्याकडे सर्वत्र अंधारच आहे असें नाहीं. मुंबईच्या पोटांत सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच्या कडेला लक्षावधि लोकांचीं घरें आहेत. २००२ ते २००४ या काळांत तेथें बिबट्यांनीं माणसांवर केलेल्या हल्ल्यांनीं शहर हादरलें होतें. तेव्हांचा सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे पिंजरा लावून बिबट्या पकडावा आणि दूर नेऊन सोडावा. अभ्यासाअंतीं असें दिसून आलें कीं, या उचलाउचलीनें संकट कमी होण्याऐवजीं वाढतें; कारण परक्या मुलुखांत सोडलेला बिबट्या भांबावतो, आणि त्याच्या रिकाम्या जागीं दुसरा येतो. मग २०११ पासून वन खात्यानें नागरिक, अभ्यासक आणि वृत्तपत्रें यांना बरोबर घेऊन निराळी वाट धरली. कचरा उघड्यावर टाकूं नका. कारण कचऱ्यावर भटकीं कुत्रीं जमतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या येतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटें पाठवूं नका. शौचकुपांची आणि वाटेवरच्या दिव्यांची सोय करा. बिबट्या दिसला म्हणून गर्दी करूं नका. या साध्या गोष्टींनीं जितकें साधलें, तितकें पिंजऱ्यांनीं साधलें नव्हतें. २०१५ सालच्या गणनेंत या उद्यानांत व लगतच्या भागांत सुमारें ३५ बिबटे आढळले. जगांतील इतक्या दाट वस्तीच्या शहरांत इतके बिबटे नांदतात, ही गोष्ट नवलाची खरी. पण त्या नवलाचा पाया म्हणजे कचऱ्याच्या डब्याचें झांकण होय. २०१६ सालीं या उद्यानाभोंवतीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टाहि जाहीर झाला. म्हणजे लंडनजवळच्या त्या ४०० मीटरांचें तत्त्व आपल्या कायद्यालाहि परकें नाहीं.

या साऱ्या हकीकतींतून निघणारें तत्त्व आतां थोडक्यांत सांगतों. बांधकामापूर्वीं त्या जागेची पाहणी सर्व ऋतूंत झाली पाहिजे. मे महिन्यांत पाहिलेला सडा आणि भाद्रपदांत पाहिलेला सडा हे एक नव्हेत. राखावयाची जमीन सलग आणि योग्य जागीं असावी. उरलेले कोंपरे देऊन बोळवण करूं नये. राखणीचा खर्च एकदांच न देतां दरवर्षीं मिळण्याची सोय असावी. जमीनमालक आणि शेजारी यांना निर्बंधांबरोबर कांहीं लाभहि मिळाला पाहिजे. आणि शेवटची गोष्ट अशी कीं, कांहीं जागा अशा असतात कीं तेथें तडजोड चालत नाहीं; एखाद्या जातीचें शेवटचें ठिकाण असेल तर तेथें ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य समाजानें दाखविलें पाहिजे. घर चार मैल अलीकडे बांधतां येतें. त्या जातीला दुसरें ठिकाण नसतें.

हें सर्व सरकारनें करावयाचें आहे, आपला त्यांत काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध आहे, कारण घर घेणारे आपण आहों. लोणावळा, कर्जत, महाबळेश्वर किंवा कोंकणाकडे सुटींत राहावयास दुसरें घर घेण्याची इच्छा आज पुष्कळ कुटुंबांत असते. पहिलें घर ही गरज, आणि दुसरें घर ही हौस. हौसेच्या वेळीं तरी चार प्रश्न विचारण्यास हरकत कोणती? ही जमीन बिगरशेती होण्यापूर्वीं काय होती? येथला ओढा बुजविला आहे कीं वाहता ठेवला आहे? कुंपणाखालून लहान जनावर जाईल इतकी फट आहे कीं सलग भिंत आहे? कचरा कोठें जातो? दिवे रात्रभर रानाकडे तोंड करून जळतात काय? गिऱ्हाइकानें विचारलेला प्रश्न बांधकाम करणाऱ्याच्या कानांत सरकारी परिपत्रकापेक्षां लवकर शिरतो, हा सर्वांचा अनुभव आहे. आणि राहावयास गेल्यावर मांजर रात्रीं घरांत ठेवणें, कुत्र्याला साखळी लावून माळावर नेणें, सोसायटीच्या बागेंत परदेशी झाडांऐवजीं त्या भूमीचीं झाडें लावणें, हीं कामें तर कोणाच्या परवानगीवांचून होण्याजोगीं आहेत.

आपल्याकडे नवें घर बांधलें म्हणजे वास्तुशांति करण्याची चाल आहे. त्या भूमीवर आपल्या आधीं कोणीतरी राहत होतें, त्याची अनुज्ञा घेऊन आपण तेथें पाऊल टाकतों, अशी नम्रतेची भावना त्या विधीमागें पाहतां येईल. ती भावना जर पाया खणण्यापूर्वीं, नकाशा काढतांनाच, मनांत आली, तर घरेंहि होतील आणि घरटींहि राहतील. दोन्हींना पुरेल इतकी भूमि अजून आहे. ती नीट वांटून घेण्यास लागणारा वेळ मात्र दिवसेंदिवस कमी होत चालला आहे.